परीक्षकाच्या खुर्चीतून: सैनिकी मिनिएचर, त्यांचा रंग आणि त्यांचा इतिहास

सैनिकी मिनिएचरच्या, म्हणजे सैनिकांच्या छोट्या रंगवलेल्या आकृत्यांच्या, स्पर्धांमध्ये मी अकरा वर्षे टेबलाच्या एकाच बाजूला उभी राहिले होते. आकृती रंगवायची, काचेच्या कपाटात नेऊन ठेवायची, निकालाच्या कागदावर आपले नाव शोधायचे आणि ते अपेक्षेपेक्षा खाली सापडले की परीक्षकांना काही कळत नाही असे मनाशी म्हणायचे, हा माझा ठरलेला क्रम होता. त्यामुळे परीक्षकांच्या तिघांच्या गटातली एक जागा रिकामी आहे, ती तुम्ही भराल का, असे आयोजकांनी विचारले तेव्हा होकार देताना माझ्या मनात जबाबदारीच्या जाणिवेपेक्षा सूडाचा आनंदच थोडा अधिक होता, हे कबूल करायला हवे.

गुणपत्रिकेचा नमुना आधीच पाठवण्यात आला होता. शंभर गुणांपैकी पन्नास रंगकामाला, तीस ऐतिहासिक अचूकतेला आणि उरलेले वीस मूळ आकृतीची स्वच्छ तयारी व तळाची मांडणी यांना होते. प्रत्येक आकृती शेजारच्या आकृतीशी न तोलता ठरलेल्या दर्जाशी तोलायची होती. म्हणजे नव्वद किंवा अधिक गुणांना सुवर्ण, ऐंशीपासून पुढे रौप्य, सत्तरपासून पुढे कांस्य. एका गटात चार सुवर्णपदके जाऊ शकत होती किंवा एकही नाही. ही पद्धत मला स्पर्धक म्हणून नेहमीच न्याय्य वाटत आली होती, पण परीक्षक म्हणून ती किती अवघड आहे हे नंतर कळले, कारण शेजारची आकृती हाताशी नसली की ‘हे त्यापेक्षा बरे’ असे म्हणून सुटका करून घेता येत नाही आणि दर्जा नावाची वस्तू प्रत्येक वेळी स्वतःच्या डोक्यातून बाहेर काढावी लागते.

नमुना पाहून मी ठरवून टाकले की तीस गुणांचा रकाना सोपा आणि पन्नासांचा कठीण. इतिहास एकतर बरोबर असतो किंवा चूक. रंगकामात मात्र आवडीनिवडी येतात. या समजुतीवर मी महिनाभर तयारी केली आणि एक वही भरली. तिच्यात बहुतांशी टोप्या व शिरस्त्राणे होती, कारण आकृतीचा काळ सर्वांत आधी डोक्यावरूनच ओळखू येतो आणि चूकही बहुधा तिथेच होते. पुढचा भाग उंचावलेला, ‘बेल्जिक’ नावाने ओळखला जाणारा ब्रिटिश पायदळाचा शाको, म्हणजे उंच ताठ लष्करी टोपी, १८१२ च्या नमुन्याचा. फ्रेंचांचे एड्रियन आणि ब्रिटिशांचे ब्रोडी ही दोन्ही पोलादी शिरस्त्राणे १९१५ मधली, जर्मनांचे १९१६ मधले. तेव्हा १९१४ च्या मार्नच्या लढाईत यांपैकी काही दिसले की गुण कापायचे. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईचे पदक सैनिकांना १८१६ पासून मिळू लागले, म्हणून लढाईच्या दिवशी ते कोणाच्याही छातीवर असता कामा नये. व्हिक्टोरिया क्रॉसची फीत १९१८ पर्यंत भूदलासाठी किरमिजी आणि नौदलासाठी गडद निळी. अशा नोंदींनी पंचवीस पाने भरली आणि ती वही काखेत मारून मी सभागृहात शिरले तेव्हा माझी चाल फौजदाराची होती.

माझ्या बरोबरच्या दोघांपैकी एक परीक्षक वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे होते. ते एका वाक्यात आणि हळू आवाजात बोलत. त्यांनी सुरुवातीलाच तीन नियम सांगितले. आकृतीला हात लावायचा नाही, तळाचा ठोकळा फिरवायचा असेल तर तो दोन बोटांनी फिरवायचा. पहिली फेरी भिंगाशिवाय आणि हातभर अंतरावरून करायची. तिसरा नियम मला तेव्हा अनावश्यक वाटला: अचूकतेच्या रकान्यात गुण कापायचे असतील तर कशाच्या आधारावर कापले ते समासात लिहायचे, आणि आधार लिहिता येत नसेल तर गुण कापायचे नाहीत.

हातभर अंतराचा आग्रह का, हे पहिल्या दहा आकृत्यांतच समजले. आमच्यासमोरच्या बहुतेक आकृत्या ५४ मिलिमीटरच्या, म्हणजे साधारण १:३२ या प्रमाणातल्या होत्या. माणसाच्या डोळ्याच्या बुबुळाचा व्यास सुमारे १२ मिलिमीटर असतो. या प्रमाणात तो ०.४ मिलिमीटरहूनही कमी होतो. दोन इंच रुंदीचा छातीवरचा पट्टा दीड मिलिमीटरच्या आसपास येतो. रंगवणाऱ्याचा हात अर्ध्या मिलिमीटरने सरकला तर प्रत्यक्षातल्या कोटावर ती चूक दीड सेंटिमीटरची झालेली असते. इतक्या लहान वस्तूवर आधीच भिंग रोखले की परीक्षक फक्त चुका मोजू लागतो आणि ही आकृती माणसासारखी दिसते का, हा मूळ प्रश्न राहून जातो. दुरून पाहताना चांगली आकृती वाचता येते. नजर आधी चेहऱ्यावर जाते, तिथून हातांकडे आणि शस्त्राकडे उतरते, आणि पट्टे, गुंड्या, पिशव्या या सर्व गोष्टी आपापल्या जागी मागे उभ्या राहतात. दुबळ्या आकृतीत सगळेच एकदम ओरडते. असे ओरडणारे काम मी स्वतः कैक वर्षे केलेले आहे, प्रत्येक गुंडीला लखलखीत ठिपका देऊन.

दुसऱ्या फेरीत टॉर्च हातात आला. तो समोरून न धरता बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरायचा असतो, कारण तिरप्या उजेडात जे लपलेले असते ते वर येते: साच्याच्या दोन भागांची नीट न घासलेली रेघ, जाड थरात अडकलेला ब्रशचा केस, वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, वाळताना कडेला साचून राहिलेली डागाची सीमा, प्रायमर, म्हणजे रंगापूर्वीचा पायाभूत थर, दुरून फवारल्यामुळे आलेली वाळूसारखी खरखर. यांतल्या बऱ्याच दोषांची दुरुस्ती रंगाची बाटली उघडण्यापूर्वीच व्हायला हवी असते. काखेतून जाणारी साच्याची रेघ चौदा थर रंग दिल्यावरही तिथेच राहते, आणि दर थराबरोबर ती अधिक स्पष्ट होते.

रंगकामाबद्दल मला सर्वांत अधिक शिकवले ते लाल, काळ्या आणि पांढऱ्या या तीन रंगांनी. लाल कोट उजळवताना त्यात सरळ पांढरा मिसळला की खांद्यांवर गुलाबी उमटतो आणि सैनिक साखरेचा वाटू लागतो. जाणकार रंगवणारा नारिंगीकडे किंवा त्वचेच्या छटेकडे सरकतो, आणि सावलीत काळा न घालता गडद तपकिरी किंवा हिरव्याचा किंचित अंश घालतो. काळ्याची कसोटी आणखी कडक आहे, कारण एकाच आकृतीवर काळी लोकर, काळे चामडे, काळे फर आणि काळी रोगणी मेणकापडाची खोळ असे चार काळे असू शकतात. ते चारही एकाच करड्या रंगाने उजळवलेले असतील तर रंगवणाऱ्याने काळा रंगवला, कापड रंगवले नाही, असे म्हणावे लागते. चांगल्या कामात लोकरीवरचा उजेड रुंद आणि मंद असतो, चामड्यावरचा अरुंद आणि तीव्र, मेणकापडावरचा जवळजवळ तुटक. आणि पांढरा: ज्याने पट्ट्यांवर सुरुवातीलाच शुद्ध पांढरा वापरून टाकला त्याच्याजवळ उजेडासाठी काही शिल्लक राहत नाही. टायटॅनियम पांढऱ्याचा थर जाड झाला की खडूसारखी पावडर दिसते, तीही टॉर्चच्या तिरप्या प्रकाशात लगेच उघडी पडते.

चेहऱ्यांवर आम्ही बराच वेळ घालवला. डोळ्याचा पांढरा भाग खरोखरच पांढरा रंगवला आणि बुबुळ पूर्ण गोल दाखवले की सैनिक घाबरलेला दिसतो. प्रत्यक्षात वरची पापणी बुबुळाचा माथा झाकते, आणि टोपीला पुढे छज्जा असेल तर त्याची सावली कपाळ व डोळ्यांवर पडते. एका आकृतीत रंगवणाऱ्याने ही सावली इतक्या धैर्याने पाडली होती की डोळे जवळजवळ दिसतच नव्हते, आणि तरीही तो माणूस आपल्याकडे पाहत आहे याविषयी शंका राहत नव्हती. मी त्या चेहऱ्यासमोर ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक रेंगाळले. त्याच्या उलट, एका क्युरॅसियर घोडेस्वाराच्या छातीवरचे पोलादी कवच धातूचा रंग न वापरता, साध्या रंगांच्या छटांतून धातूचा आभास करून रंगवले होते, आणि त्यात आकाश, क्षितिजाची गडद रेघ व जमिनीची ऊब हे सर्व होते. फक्त कवचावरचा उजेड डावीकडून येत होता आणि शिरस्त्राणावरचा उजवीकडून. दोन्ही भाग सुटे रंगवून नंतर जोडले असणार. अशी चूक दिसल्यावर ती पुन्हा न दिसणे अशक्य होते.

इथपर्यंत आम्हा तिघांच्या गुणांत फारसे अंतर पडले नाही. आवडीनिवडीचा म्हणून मी ज्या रकान्याला भ्यायले होते, त्यात आम्ही दोन-तीन गुणांच्या आत एकमत होत होतो. भांडण झाले ते सोप्या रकान्यावर.

‘ब्रिटिश पायदळ, वॉटर्लू, १८१५’ अशी पाटी असलेली एक आकृती होती. लाल कोट, पिवळी कॉलर आणि पिवळे कफ, रंगकाम चांगल्यापैकी, पण डोक्यावर जुना, नळकांड्यासारखा सरळ शाको. माझ्या वहीच्या चौथ्या पानावरची चूक माझ्यासमोर चालत आली होती. मी समाधानाने दहा गुण कापले आणि समासात ‘शाको कालबाह्य, १८१२ चा नमुना हवा’ असे लिहिले. ज्येष्ठ परीक्षकांनी माझा कागद पाहिला आणि विचारले, “तुम्ही मागून पाहिलीत का?” मी पाहिली नव्हती. त्यांनी दोन बोटांनी ठोकळा अर्धा फिरवला. शाकोच्या मागच्या बाजूला एक छोटासा बिल्ला होता. १८०१ मध्ये अलेक्झांड्रियाच्या लढाईत पाठीमागूनही हल्ला झाला असता ज्या पलटणीच्या मागच्या रांगेने जागच्या जागी वळून लढा दिला, त्या २८ व्या रेजिमेंटचा हा मानाचा बिल्ला, आणि वॉटर्लूला जुना शाकोच घालून उतरलेली पलटण म्हणून हीच रेजिमेंट ओळखली जाते. तिचे फेसिंगही, म्हणजे कॉलर-कफांचा रंगही, पिवळेच. हलक्या पायदळाच्या रेजिमेंटांनीसुद्धा जुना शाको सोडला नव्हता, हेही त्यांनी जाता जाता सांगितले. पाटीवर रेजिमेंटचा क्रमांक नव्हता, एवढीच रंगवणाऱ्याची चूक. तो बहुधा असे धरून चालला होता की परीक्षकाला बिल्ला ओळखता येईल.

मी गुण परत दिले. पण त्याहून अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे होती. माझ्या चौथ्या पानाचा आधार काय, असे मी स्वतःला विचारले तेव्हा उत्तर असे आले की मी वर्षानुवर्षे पाहिलेल्या वॉटर्लूच्या आकृत्यांच्या डोक्यावर बेल्जिक शाको होता. म्हणजे माझा इतिहास मी मिनिएचरांकडून शिकले होते आणि आता त्याच इतिहासाने मिनिएचर तपासत होते. नियम मूळचा चूक नव्हता, बहुतेक पलटणींना तो लागू होता. पण ‘बहुतेक’ हा शब्द माझ्या वहीत कुठेच लिहिलेला नव्हता.

त्यानंतर तिसरा नियम मी गंभीरपणे घेऊ लागले आणि वेग निम्म्यावर आला. काही निर्णय तरीही झटपट झाले. ‘अलेसिया, इ.स.पू. ५२’ अशा पाटीखाली सीझरचा एक सैनिक पोलादी पट्ट्यांच्या कवचात उभा होता. ते कवच चित्रांमुळे सर्वांना पाठ असते, पण त्याचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष सीझरनंतरच्या ऑगस्टसच्या काळातले आहेत. सीझरच्या सैनिकाला कड्यांचे चिलखत हवे. गुण कापले, आधार लिहिला. त्याच सैनिकाचा अंगरखा मात्र लाल होता, आणि शेजारच्या दुसऱ्या रोमन आकृतीचा न रंगवलेल्या लोकरीचा. तिथे अभ्यासकांतच एकमत नसल्यामुळे दोघांनाही पूर्ण गुण दिले. क्रेसीच्या १३४६ च्या लढाईतल्या एका फ्रेंच ध्वजावर निळ्या पार्श्वभूमीवर तीन सोनेरी लिली होत्या, हाताने रंगवलेल्या आणि अतिशय डौलदार. पण तीन लिलींची राजमुद्रा पाचव्या चार्ल्सच्या काळात, म्हणजे त्या लढाईनंतर, आली. त्यापूर्वी फ्रेंच राजाच्या निळ्यावर लिली विखुरलेल्या असत, कडेला अर्ध्या कापलेल्यासुद्धा. आमच्यातले तिसरे परीक्षक हळूच म्हणाले की विखुरलेल्या चाळीस लिली रंगवण्यापेक्षा तीन रंगवणे कोणालाही अधिक ऐतिहासिक वाटेल.

अमेरिकी यादवी युद्धातल्या एका पायदळी सैनिकाने आमचा पाऊण तास घेतला. त्याच्यात काहीतरी खटकत होते आणि काय ते सापडत नव्हते. शेवटी लक्षात आले की काडतुसांची पेटी त्याच्या डाव्या कमरेवर आहे आणि संगिनीचे म्यान उजव्या. टोपीसारख्या छोट्या स्फोटक कॅपांची पिशवीही पट्ट्याच्या भलत्याच बाजूला. प्रत्यक्षात पेटी उजवीकडे, म्यान डावीकडे. खुलासा छायाचित्रणात होता. त्या काळी पत्र्यावर काढलेली टिनटाइप छायाचित्रे थेट कॅमेऱ्यातच तयार होत, मध्ये निगेटिव्ह नसे, त्यामुळे त्यांत उजवे-डावे आरशासारखे उलटलेले असते. मूर्तिकाराने असे छायाचित्र समोर ठेवून माणूस घडवला होता, तोही अत्यंत प्रामाणिकपणे. कोटाची गुंड्यांची बाजूसुद्धा उलटी होती. बंदुकीचे कुलूप, म्हणजे बार उडवणारी कळ, तेवढे योग्य बाजूला होते, कारण बंदूक बहुधा वेगळ्या साच्यातून आली होती.

आता प्रश्न असा की ही चूक कोणाची? आकृती विकत घेतलेली, घडवणारा वेगळा, रंगवणारा वेगळा. माझे म्हणणे पडले की रंगवणाऱ्याने ती स्पर्धेत स्वतःच्या नावाने मांडली आहे, तेव्हा ती निवडण्याची जबाबदारीही त्याची. तिसरे परीक्षक म्हणाले की मग आपण निर्मात्याला गुण देत आहोत. ज्येष्ठांनी मध्यममार्ग काढला: सहज दुरुस्त करता येण्याजोगी चूक असेल तर गुण अधिक कापायचे, कापून-जोडून नव्याने घडवावी लागणारी असेल तर कमी. मला हा मार्ग आजही पूर्ण पटलेला नाही, पण त्याहून चांगला सुचलेलाही नाही. त्या आकृतीचे पाच गुण गेले. तिची पँट फारच फिकी, जवळजवळ पांढरट निळी होती आणि त्याचेही कारण तेच छायाचित्र असावे, कारण त्या काळच्या रासायनिक लेपाला निळा रंग प्रखर दिसे आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. जुन्या छायाचित्रातल्या करड्या छटेवरून कापडाचा रंग ठरवणे किती धोक्याचे, हे मी रंगवताना अनेकदा विसरले आहे.

रंगकाम आणि इतिहास हे दोन रकाने वेगळे आहेत ही माझी समजूत मोडली ती एका बुटाच्या जोडीवर. वॉटर्लूचाच आणखी एक सैनिक होता आणि त्याच्या बुटांवर, कोटाच्या खालच्या कडेवर कोरड्या पिगमेंटची धूळ अशी काही चढवली होती की वर जाताना ती कापडात विरघळून जाई. रंगकामात मी उदारपणे गुण दिले. मग आठवले की १७ जूनच्या दुपारपासून रात्रभर तिथे मुसळधार पाऊस पडला होता आणि १८ तारखेला सैन्य चिखलात उभे होते. आणि जमिनीवर आखूड हिरवळ नव्हे तर उंच वाढलेली, तुडवलेली राय, म्हणजे गव्हासारखे धान्याचे पीक, होती. या सैनिकाच्या पायाखाली क्रिकेटच्या मैदानासारखे गवत होते. धूळ कौशल्याने रंगवली होती, पण ती दुसऱ्या कुठल्या तरी मोहिमेतली होती. मग धुळीचे गुण कुठल्या रकान्यात द्यायचे आणि कुठल्या रकान्यात कापायचे? आम्ही रंगकामात दिलेले तसेच ठेवले आणि अचूकतेत तीन कापले. त्याउलट एका स्कॉट्स ग्रेज घोडेस्वाराच्या फरच्या उंच टोपीवर काळ्या मेणकापडाची खोळ होती, घोड्याच्या पोटापर्यंत ओला चिखल उडाला होता, आणि करड्या घोड्याचे नाक व ओठ काळसर होते, कारण अशा घोड्याची त्वचा मुळात काळी असते, केस पांढरे पडत जातात. बरेच जण ते नाक गुलाबी रंगवतात. इथे कुठला भाग रंगकामाचा आणि कुठला इतिहासाचा, हे सांगणे अशक्य होते, आणि आम्ही तसा प्रयत्नही केला नाही.

दुपारनंतर ‘ऑस्टरलिट्झ, २ डिसेंबर १८०५’ या पाटीची एक फ्रेंच पायदळी आकृती समोर आली. डोक्यावर दोन टोकांची आडवी, जुन्या धाटणीची बायकॉर्न टोपी, अंगावर जड ओव्हरकोट. ज्येष्ठ परीक्षक खूश होऊन म्हणाले, “शेवटी कोणाला तरी आठवले. लाइन, म्हणजे नेहमीच्या पायदळाला शाकोचा हुकूम १८०६ चा. ऑस्टरलिट्झला तो फक्त हलक्या पायदळाच्या डोक्यावर शोभतो.” मी मान डोलावली आणि कागदावर पाहत राहिले. माझ्या वहीत ही नोंद नव्हती. माझ्या घरच्या कपाटात मात्र चार वर्षांपूर्वी रौप्यपदक मिळवलेली माझी स्वतःची एक आकृती होती: ऑस्टरलिट्झ, लाइन पायदळ, ओव्हरकोट, पायाखाली बर्फ आणि डोक्यावर निःसंशय शाको.

मी काही बोलले नाही. त्या बायकॉर्नवाल्याला अचूकतेचे तीसपैकी तीस दिले, आणि ते देताना माझा हात थोडा जड झाला होता.

दिवसातला सर्वांत कठीण निर्णय शेवटी आला. ‘तालावेरा, १८०९’ नावाचा ब्रिटिश अधिकारी रंगकामाच्या दृष्टीने त्या सभागृहातली सर्वोत्तम आकृती होती, याविषयी आम्हा तिघांत दुमत नव्हते. सावलीत बुडालेल्या डोळ्यांचा तो चेहरा, ज्याच्यासमोर मी सकाळी रेंगाळले होते, याचाच. साध्या शिपायांच्या विटकरी लालाहून अधिकाऱ्याच्या कोटाचा लाल वेगळा, अधिक उजळ आणि श्रीमंत होता. कमरेच्या किरमिजी सॅशमधला रेशमाचा ओघळता उजेड कोटाच्या लोकरीवर अजिबात सांडलेला नव्हता. आणि डोक्यावर बेल्जिक शाको. या वेळी मी मागून पाहिले, बाजूने पाहिले, पाटी दोनदा वाचली. १८०९ च्या जुलैमध्ये १८१२ चा नमुना घालता येत नाही. इथे रेजिमेंटचा अपवाद असूच शकत नव्हता.

तिसऱ्या परीक्षकांचे मत होते की अशा कामाला सुवर्ण न देणे हा कलेचा अपमान आहे. आम्ही ते मत टाळले नाही, अर्धा तास चर्चा केली. माझी अडचण अशी होती की रंगवणाऱ्याने कोटाच्या लालाच्या दोन दर्जांमधला फरक अभ्यासला होता. म्हणजे त्याला इतिहासाची पर्वा होती, आणि ज्याला पर्वा आहे त्याला त्याच मापाने मोजणे हाच आदर. शेवटी रंगकामाला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस, तयारीला आणि मांडणीला वीसपैकी एकोणीस, अचूकतेला तीसपैकी अठरा असे गुण पडले. बेरीज पंच्याऐंशी, म्हणजे रौप्य. त्याच्या शेजारी एक प्रशियन शिपाई होता, ज्याच्यासोबत स्पर्धकाने पुराव्यांची जाड फाइल ठेवली होती आणि ज्याच्या प्रत्येक गुंडीला दाखला होता. अचूकता तीस, रंगकाम सत्तावीस, कारण सगळे कापड, चामडे आणि कातडी एकाच मंद चमकेत थिजलेले होते, तयारी पंधरा. बहात्तर, कांस्य.

निकालानंतर तालावेराच्या अधिकाऱ्याचा रंगकार आमच्याकडे आला. मीही अकरा वर्षे असाच चेहरा करून आले असते, फक्त आले नाही, दुरूनच कुढले. मी त्याला समासातली नोंद दाखवली. त्याने ती वाचली, डोळे मिटले आणि विचारले, “पाटीवर वॉटर्लू लिहिले असते तर?”

“तर सत्त्याण्णव गुण,” मी म्हणाले. “सुवर्ण.”

तो हसला, मला वाटले होते त्यापेक्षा मोकळेपणाने. त्याने सांगितले की निर्मात्याच्या खोक्यावर तालावेरा छापलेले होते आणि त्याने कोटाचा, सॅशचा, तलवारीचा सगळा अभ्यास केला, पण खोक्यावरच्या नावाचा अभ्यास करायचे त्याला सुचले नाही. मी त्याला माझ्या वहीच्या चौथ्या पानाची गोष्ट सांगितली. कपाटातल्या आकृतीची सांगितली नाही.

त्या रात्री घरी आल्यावर मी कपाट उघडले आणि टॉर्च तिरपा धरून माझ्या फ्रेंच शिपायाला पहिल्यांदाच परीक्षकासारखे पाहिले. डाव्या बाहीखाली साच्याची रेघ होती. ओव्हरकोटाच्या घड्या बऱ्या होत्या, चेहरा दचकलेला. शाको काढून त्या जागी बायकॉर्न घडवायची तर डोके कापावे लागणार होते, आणि ते केस, ती मान, तो गळपट्टा पुन्हा रंगवण्याइतका माझा हात आता तसाच चालेल याची खात्री नव्हती. मग मी पुस्तके काढली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाचत बसले. सोमवारी नवी पाटी तयार झाली: ‘आइलाऊ, ८ फेब्रुवारी १८०७’. तिथे शाको चालतो, ओव्हरकोट चालतो, आणि लढाई हिमवादळात झाली असल्यामुळे बर्फालाही हात लावावा लागला नाही. रौप्यपदकाच्या मागे कोरलेले ‘ऑस्टरलिट्झ’ मात्र तसेच आहे, आणि ते पदक मी आता त्या शिपायाशेजारी ठेवत नाही.